हॅम्बर्गची विटांची बोट आणि आपली दोन आर्पां जमीन

हॅम्बर्ग शहरातील सर्वांत नावाजलेली उंच इमारत अवघी दहा मजल्यांची आहे. पोर्ट लुईच्या बँक ऑफ मॉरिशसच्या मनोऱ्याशेजारी ती उभी केली तर त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचणार नाही. तरीसुद्धा जगभरातून शिल्पशास्त्राचे विद्यार्थी ती पाहावयास येतात, आणि २०१५ साली युनेस्कोने तिला व तिच्या परिसराला जागतिक वारशाच्या यादीत बसविले. इमारतीचे नाव चिलेहाउस, म्हणजे चिलीचे घर. जर्मनीतल्या बंदरात दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील देशाचे घर कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. मला तो पडला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी आपल्या बेटावरच्या उसाच्या शेतापर्यंत येऊन पोहोचलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

लेकीकडे जाताना आम्हां उभयतांना हॅम्बर्गला विमान बदलावयाचे होते आणि मध्ये दहा तास मोकळे होते. विमानतळावरच्या खुर्चीत दहा तास बसणे आमच्या वयाला परवडणारे नाही. माझा भाचा तेथील बंदरात नोकरीला आहे. तो म्हणाला, "मामा, बाहेर या. मी तुम्हांला शहर दाखवतो." मॉरिशसच्या पासपोर्टाला नव्वद दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी २००९ पासून युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे ते शक्य झाले. नियम बदलत असतात, तेव्हा कोणी जाणार असेल तर निघण्यापूर्वी चौकशी करावी हे बरे.

भाच्याच्या मनात आम्हांला एल्बफिलहार्मोनी दाखवावयाचे होते. २०१७ साली उघडलेले हे संगीतगृह ११० मीटर उंच आहे. खाली जुने विटांचे गोदाम, आणि त्याच्या डोक्यावर काचेची लाट. सदतीस मीटरवर एक सज्जा आहे, तेथून सारे बंदर दिसते. आम्ही तेथेही गेलो, वारा खाल्ला, फोटो काढले. तेथून पूर्वेकडे पाहिले की नदीकाठी आणखी एक उंच सांगाडा दिसतो. तो एल्बटॉवर. २४५ मीटर उंच करावयाचे ठरले होते. बांधणाऱ्या धन्याचे पैसे आटले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात, साधारण शंभर मीटरवर असताना, काम बंद पडले. भाचा हसून म्हणाला, "मामा, आमची सर्वांत उंच इमारत अजून कागदावरच आहे." मी म्हटले, मग जी विटांत उभी आहे ती दाखव.

चिलेहाउस मेसबेर्ग नावाच्या भुयारी रेल्वेस्थानकाशेजारी आहे. मुख्य रेल्वेस्थानकापासून पायी गेले तरी दहा-बारा मिनिटे पुरतात. रस्त्याने जाताना ती आधी साधी, काळपट तांबडी, लांबच लांब भिंत वाटते. मग पूर्वेकडचा कोपरा येतो आणि माणूस थबकतो. दोन रस्ते जेथे एका टोकदार कोनात मिळतात तेथे ही भिंत दोन्ही बाजूंनी वळत येऊन चाकूच्या पात्यासारखी एकत्र होते. वरचे मजले पायरीपायरीने मागे सरकलेले असून त्यांचे कठडे बोटीच्या डेकासारखे दिसतात. खाली उभे राहून वर पाहिले की एखादे अजस्र गलबत शहर फोडून आपल्या अंगावर येत आहे असा भास होतो. गलबताच्या पुढच्या टोकाला कोकणात नाळ म्हणतात. आमच्या घरी आजी तो शब्द वापरीत असे. हिला तो बरोबर आठवला. "अहो, ही तर नाळ आहे. विटांचे तारू आहे हे!" टोकाशी कोंडोर पक्ष्याची मूर्ती बसविली आहे. हा अँडीज पर्वतातला प्रचंड गिधाडासारखा पक्षी चिलीच्या राजचिन्हात आहे. शिल्पे घडविणाऱ्याचे नाव रिशार्ट क्युओल, आणि इमारतीचा रचनाकार फ्रिट्झ ह्योगर.

बांधकाम १९२२ ते १९२४ या दोन वर्षांत झाले. विटा लागल्या ४८ लाख. ह्योगरने त्या निवडल्या तेही ऐकण्यासारखे आहे. भट्टीत जास्त भाजून काळ्यानिळ्या पडलेल्या, वेड्यावाकड्या झालेल्या विटा, ज्यांना आपण खंगर म्हणून बाजूला टाकतो, त्याच त्याला पसंत होत्या. जवळ जाऊन पाहा, दोन विटा एका रंगाच्या सापडत नाहीत. कुठे जांभळी झाक, कुठे लोखंडी, कुठे पक्क्या जांभळासारखी. ऊन जसे फिरते तशी भिंत रंग बदलते. खाली जमीन नदीकाठची, दलदलीची, म्हणून सोळा मीटर खोल काँक्रीटचे खांब रोवून त्यावर हे ओझे ठेवले. तळघरात पाणी शिरू नये म्हणून ते चहूबाजूंनी बंद केले, आणि घर गरम ठेवण्याची यंत्रे अशा पेटीत बसविली की पूर आला तर ती पेटी पाण्यावर तरंगावी. म्हणजे बोटीच्या पोटात आणखी एक बोट! मध्यभागातून फिशरट्वीटे नावाचा रस्ताच कमानींखालून आरपार जातो. आत अजूनही कचेऱ्या आणि दुकाने आहेत, तेव्हा पाहुण्याने अंगणात उभे राहून मान दुखेपर्यंत वर पाहावे आणि समाधान मानावे.

आता नावाकडे येऊ. हे घर बांधविले हेन्री ब्रारेन्स स्लोमन या व्यापाऱ्याने. त्याचा जन्म १८४८ चा, इंग्लंडमधील हल बंदरातला. एकोणीसशेच्या आधीच्या त्या काळी हॅम्बर्गकडील पुष्कळ तरुण नशीब काढावयास समुद्रापार जात. स्लोमन १८६९ मध्ये चिलीकडे गेला, दुसऱ्याच्या पेढीवर राबला, पुढे टोकोपिया बंदराच्या बाजूला स्वतःचे सोऱ्याचे कारखाने काढले, आणि १८९८ मध्ये परतला तो हॅम्बर्गमधील सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाण्याइतका पैसा घेऊन. आटाकामाच्या वाळवंटात लोआ नदीवर त्याने बांधविलेले धरण अजून त्याच्याच नावाने ओळखले जाते.

सोरा आपल्या लोकांना ठाऊक आहे तो दारूकामातला. चिलीचा सोरा त्याचाच भाऊबंद. आटाकामात पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून तेथे जमिनीत सोऱ्याचे थरच्या थर न विरघळता साठून राहिले आहेत. सुरुंग लावून ते खडक फोडावयाचे, यंत्राने भरडावयाचे, लोखंडी कढयांत उकळावयाचे, आणि निवलेल्या पाण्यातून पांढरे स्फटिक काढून पोत्यांत भरावयाचे. त्याचे दोन उपयोग. एक तोफांची दारू. दुसरा खत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगात या खताचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जर्मनी हा देश होता.

या सोऱ्यासाठी लढाईसुद्धा झाली. १८७९ पर्यंत हे वाळवंट काही पेरूचे, काही बोलिव्हियाचे होते. चार वर्षांच्या युद्धानंतर ते चिलीने घेतले, आणि बोलिव्हियाचा समुद्रकिनारा गेला तो आजतागायत. मालक बदलले, खाणीतला मजूर तोच राहिला. चिलीच्या दक्षिणेतून, पेरूतून, बोलिव्हियातून गरीब माणसे कुटुंबकबिल्यासह या वाळवंटात येत. राहावयास कारखान्याच्या खोल्या. पगार पुष्कळ ठिकाणी नाण्यांत नव्हे, कारखान्याच्या नावाच्या बिल्ल्यांत. हे बिल्ले कारखान्याच्याच दुकानात चालत, बाहेर वटवावयाचे तर कमी भावाने. आपल्याकडे मजुराचा महिना चिनी बुतिकवाल्याच्या कार्नेत लिहिलेला असे. तेथे तर दुकानदार आणि मालक एकच.

भाच्याने विचारले, "मामा, हे सर्व आपल्या ताब्लिसमांसारखेच ना?" सारखे होते आणि नव्हतेही. आपले पूर्वज कराराने बांधून आणलेले, त्यांना एका ताब्लिसमांतून दुसरीकडे जावयाचे तर हातात परवाना लागे, आणि १८६७ च्या कायद्यानंतर त्या परवान्यावर फोटो चिकटवावा लागे. चिलीचा मजूर नावाला तरी मोकळा होता. पण वाळवंटात पाण्याचा घोटही जेथे मालकाच्या नळातून येतो तेथे मोकळे असून जाणार कुठे?

१९०७ च्या डिसेंबरात इकिके बंदरात हजारो सोरा-मजूर आपापले कारखाने सोडून, बायकामुलांसह, उन्हातून वाळवंट तुडवीत आले. मागण्या वाचून पाहा. बिल्ल्यांना पूर्ण किंमत मिळावी. दुकान कोणतेही निवडण्याची मोकळीक असावी. मजुरांसाठी रात्रीची शाळा असावी. आणि उकळत्या कढयांवर लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे काम करताना माणूस आत पडणार नाही. ही शेवटची मागणी वाचल्यावर मी कागद बराच वेळ खाली ठेवला होता. २१ डिसेंबरला सांता मारिया शाळेच्या आवारात जमलेल्या या लोकांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. किती मेले याचा वाद शंभराहून अधिक वर्षे चालला आहे. शेकडो असावेत याबद्दल मात्र फारसे दुमत नाही. हे झाले उत्तरेकडच्या तारापाका प्रांतात. स्लोमनचे कारखाने दक्षिणेला होते, तेव्हा त्या गोळीबाराचे पाप या घराच्या माथी मारणे योग्य नव्हे. पण सोऱ्याचा धंदा कसा चाले ते कळावे म्हणून सांगितले.

आता या गोष्टीत आपण कुठे येतो ते सांगतो, कारण अंगणात उभा असताना मला तेच सुचत होते.

जर्मनीत ऊस होत नाही. पण १७४७ साली बर्लिनमधील मार्गग्राफ नावाच्या रसायनज्ञाने दाखवून दिले की बीटाच्या कंदात उसाच्याच जातीची साखर असते. पुढे त्याचा शिष्य आखार्ड याने कारखाना काढला. मग नेपोलियनच्या युद्धांत युरोपला समुद्रापलीकडची साखर मिळेना, तेव्हा त्यानेही बीटाच्या लागवडीला जोर दिला. हा तोच नेपोलियन, ज्याच्या हातून १८१० मध्ये इंग्रजांनी आपले बेट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन सरकार साखर बाहेर विकणाऱ्याला वर पैसे देऊ लागले, शेतकरी बीटाला भरपूर खत घालू लागला, आणि त्या खतात मोठा वाटा होता चिलीच्या सोऱ्याचा. शतक संपता संपता जगातील निम्म्याहून अधिक साखर बीटाची झाली होती! १८८४ मध्ये साखरेचा भाव असा कोसळला की उसाच्या साऱ्या बेटांचे कंबरडे मोडले. मुंबई-कलकत्त्याच्या बाजारात, जेथे मॉरिशसची साखर खपत असे, तेथेसुद्धा जर्मनी आणि ऑस्ट्रियाची बीट-साखर उतरू लागली. शेवटी १८९९ मध्ये हिंदुस्थान सरकारने अशा सरकारी मदतीच्या साखरेवर जादा जकात बसविली, आणि १९०२ मध्ये ब्रुसेल्सला करार होऊन ही मदत बंद करण्याचे ठरले.

मॉरिशसच्या मळेवाल्यांवर संकटे आधीच रांगेने उभी होती. १८६६ ते १८६८ चा हिवताप, ज्यात घरेच्या घरे ओस पडली. १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडला आणि जहाजांनी पोर्ट लुईकडे पाठ फिरविली. त्यात साखरेचा भाव उतरू लागला. पैसा हवा, आणि मजुरांचे पगार तर द्यावयास हवेतच. तेव्हा मळेवाल्यांनी एक उपाय काढला. मळ्याच्या कडेची, डोंगराच्या उताराची, खडकाळ जमीन तुकडे पाडून विकावयास काढली. हाच आपला मोर्सेलमां. १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून तो जोरात सुरू झाला आणि भाव जसा पडत गेला तसा वाढत गेला. घेणारे कोण? करार संपलेले, पैला पै जोडलेले, सिरदारकी केलेले किंवा गाईचे दूध विकलेले हिंदी लोक. तेलुगू, तमिळ, बिहारी, आणि त्यांतच आपले मराठी. काही रोख देत, बहुतेक हप्त्याने. कोणी एकटा, कोणी चौघे मिळून.

आमच्या घराण्याच्या कागदांत जी पहिली जमीन आहे ती दोन आर्पां आहे. पणजोबांनी घेतली. ते रत्नागिरीकडून मुंबईमार्गे आले होते. खरेदीखतावर त्यांचा अंगठा आहे आणि नोटरीच्या फ्रेंच अक्षरात आमच्या आडनावाचे जे काही झाले आहे ते बोलून सोय नाही. लहानपणी आम्ही ऐकत आलो की पणजोबांनी घाम गाळून जमीन घेतली. ते खरेच आहे. पण घाम तर त्यांच्या आधीचेही गाळीत होते. त्यांना कोणी वीतभर जमीन विकली नाही. मळेवाला विकावयास तयार झाला तो भाव पडल्यामुळे, भाव पडला तो पुष्कळ अंशी बीटामुळे, आणि बीट फोफावले त्याला खत मिळाले चिलीच्या वाळवंटातून. आटाकामातला जो मजूर बिल्ल्यांवर राबून पोती भरीत होता, त्याच्या पोत्यांनी हॅम्बर्गात हे घर उभे केले, आणि त्याच पोत्यांनी, त्याच्या किंवा पणजोबांच्या स्वप्नातही नसताना, आमच्या दोन आर्पांची किंमत आमच्या आवाक्यात आणली. याचा हिशेब कोणत्याही नोटरीच्या वहीत नाही.

अर्थात हा एकच धागा आहे. भाव पडल्यावर मजुरीही दाबली गेली, आणि ज्यांच्याकडे शिल्लक नव्हती ते कांमध्येच राहिले, कित्येक पिढ्या राहिले. १८९२ च्या २९ एप्रिलचे तुफान आले तेव्हा नव्या जमिनीवरची नवी छपरे उडून गेली. योगायोग असा की त्याच १८९२ च्या उन्हाळ्यात हॅम्बर्गमध्ये कॉलरा आला आणि साडेआठ हजारांवर माणसे गेली. बंदराजवळच्या अरुंद गल्ल्यांत, जेथे गोदीकामगार दाटीवाटीने राहत, तेथे रोग जास्त पसरला. मग त्या गल्ल्या पाडावयाचे ठरले. पाडलेल्या जागेवर कामगारांना नवी घरे मिळाली असतील असे वाटते ना? बऱ्याच भागावर पेढ्यांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. चिलेहाउस त्यांतलेच. पलीकडे कालव्याकाठी जी लाल विटांची गोदामे आहेत, श्पायशरश्टाट नावाची, त्यांच्यासाठी तर १८८३ पासून वीस हजारांहून अधिक लोकांना उठविले होते. आज तेथे पर्यटकांच्या नावा फिरतात. फार सुंदर जागा आहे, यात शंका नाही.

घर बांधताना जर्मनीत पैशाची काय अवस्था होती तेही ध्यानात घ्यावे. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क पडत होते. लोक पगार पिशवीत भरून पावाच्या दुकानाकडे धावत. शहरात बांधकामे थांबली असताना येथे मजल्यावर मजला चढत होता, कारण मालकाची मिळकत परदेशी होती. हजारो गवंड्यांना, सुतारांना त्या वाईट वर्षांत येथे काम मिळाले, हेही खरे.

आणि गंमत पाहा. इमारत पूर्ण होईपर्यंत सोऱ्याचे राज्य संपत आले होते. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखविला, १९१३ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला, आणि पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी समुद्र अडविला तेव्हा जर्मनीने खत आणि दारू दोन्ही घरीच केली. मग इतक्या दुरून पोती आणावयाची गरज कोणाला? १९३० पर्यंत चिलीतले कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. स्लोमन १९३१ मध्ये वारला. वाळवंटातले हम्बरस्टोन आणि सांता लाउरा हे दोन कारखाने गंजलेल्या पत्र्यांसह उभे होते. त्यांना युनेस्कोने २००५ मध्ये यादीत घेतले. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, आपला आप्रवासी घाट यादीत आला. चिलेहाउसचा नंबर त्यानंतर नऊ वर्षांनी लागला. एकदा का होईना, मजुरांची जागा मालकाच्या घराआधी आत गेली. मला हे वाचून बरे वाटले, ते लपवीत नाही.

दुपारी भूक लागली तेव्हा भाच्याने फ्रान्झब्रोटशेन आणले. हा हॅम्बर्गचा खास पाव, दालचिनी आणि साखर घालून गुंडाळलेला, चिकट आणि गोड. मी त्याला म्हटले, यातली साखर बहुधा बीटाची, आपली जुनी वैरीण. ही शांतपणे दुसरा तुकडा मोडीत म्हणाली, "साखर ती साखर. जिभेला काय कळते?" रसायनशास्त्र तिच्याच बाजूने आहे, ऊस आणि बीट यांच्या शुद्ध साखरेत काडीचा फरक नाही.

वेळ उरला तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे पेकिंग नावाचे चार डोलकाठ्यांचे जहाज. १९११ मध्ये हॅम्बर्गमध्येच बांधलेले, लोखंडी, ११५ मीटर लांब, आणि बांधले होते याच सोऱ्याच्या वाहतुकीसाठी. आगबोटींच्या जमान्यातही सोरा शिडांच्या जहाजांनी येई, कारण वाऱ्याला कोळसा लागत नाही. केप हॉर्नला वळसा घालून ही जहाजे जात, जेथे लाटा घरांएवढ्या उसळतात. पुष्कळ वर्षे अमेरिकेत राहून, डागडुजी होऊन, पेकिंग २०२० च्या सप्टेंबरात आपल्या बंदरी परत आले. चिलेहाउसची नाळ पाहिल्यानंतर हे जहाज पाहिले की ह्योगरच्या मनात काय असेल ते आपोआप कळते.

दुसरी जागा फेडेल भागातील बालिनश्टाट. युरोपातले पन्नास लाख गरीब लोक हॅम्बर्गमार्गे अमेरिकेकडे गेले, त्यांच्यासाठी १९०१ मध्ये येथे निवारे बांधले होते. २००७ पासून तेथे संग्रहालय आहे. जहाजाने गेलेल्या माणसांच्या याद्या, १८५० पासून १९३४ पर्यंतच्या, हॅम्बर्गच्या सरकारी दप्तरात जपल्या आहेत, आणि अमेरिकेतून नातवंडे-पणतवंडे आपले नाव शोधावयास येतात. वाचकहो, आपल्यालाही हे करता येते, आणि त्यासाठी विमानात बसावयास नको. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाची कागदपत्रे आहेत: नाव, बापाचे नाव, गाव, जहाज, क्रमांक, पुष्कळांचे फोटोसुद्धा. ज्या मराठी घरांनी अजून चौकशी केलेली नाही त्यांनी करावी. नाव फ्रेंच-इंग्रज कारकुनाने कसेही लिहिलेले असते, म्हणून एकाच स्पेलिंगवर अडून बसू नये. क्रमांक ठाऊक असेल तर काम सोपे. आणि घरात जुने खरेदीखत असेल तर त्याचे साल पाहावे. ते १८८० ते १९१० च्या दरम्यानचे निघाले तर मोर्सेलमांच्या त्या मोठ्या लाटेतलीच ती जमीन असण्याचा संभव बराच आहे.

शेवटी जाणाऱ्यांसाठी एक सूचना. विमानतळ ते मुख्य स्थानक एस-१ गाडीने पंचवीस मिनिटे लागतात. परत येताना मात्र गाडीच्या पुढच्या डब्यांतच बसावे. ओल्सडोर्फ स्थानकावर गाडीचे दोन तुकडे होतात. पुढचा विमानतळाकडे जातो आणि मागचा पॉपेनब्युटेल नावाच्या उपनगराकडे. भाच्याने हे आम्हांला तीनदा बजावले, आणि गाडीत तीच सूचना कर्ण्यावरून होत असताना समोरचे एक जोडपे सामान उचलून फलाटावरून पुढे धावताना आम्ही पाहिले.